दार लाव, रेजाँ!

"पगडी आहे का तुझ्याकडे?" त्या मुलीनं विचारलं.

मी बर्फ खरवडून पाणी सोडणाऱ्या गाडीखाली आडवा पडून पातं बदलत होतो. तोंडाला ग्रीस. मान वळवली तर आधी गुलाबी बूट दिसले, त्यांच्यावर काळा कोट, त्याच्यावर क्लिपबोर्ड, आणि सगळ्यात वर कोराली नावाची पोर. मॉन्ट्रियलहून आलेली. टीव्हीची.

"कसली पगडी?"

"तुमच्याकडे घालतात ना डोक्याला, ती. ही गाडी चालवताना घातलीस तर आमच्या निवेदकाला, सेबास्त्याँला, फार आवडेल. रंगीत दिसेल."

"आहे की," मी म्हटलं. "पण हत्तीवर बसल्याशिवाय घालत नाहीत. आमच्या धर्मात बसत नाही."

तिनं ते लिहून घेतलं. देवाशप्पथ. दुपारपर्यंत टीव्हीची दोन माणसं मला विचारून गेली, हत्ती बर्फावर चालेल का म्हणून. मी म्हटलं, चालेल, पण मोजे घालायला लागतील. चार मोजे. ते पण लिहून घेतलं मेल्यांनी.

मी मोरेश्वर भाटकर. रत्नागिरीचा, मिरकरवाड्याचा. तिकडे बर्फाच्या कारखान्यात अकरा वर्षं अमोनियाच्या मशीनवर होतो. मासळीसाठी लाद्या पाडायच्या. मग कोणीतरी डोक्यात भरवलं की क्युबेकला कूलिंगचे मेकॅनिक पाहिजेत, फ्रेंच आलं की झालं. पुण्याला आठ महिने राहून फ्रेंच शिकलो. इथे आल्यावर कळलं, मी शिकलो ते फ्रेंच इथे कोणी बोलत नाही. इथली माणसं अर्धं वाक्य गिळतात आणि उरलेल्यात शिव्या घालतात. शिव्या पण कसल्या, तर चर्चमधल्या वस्तूंच्या! राग आला की 'ताबारनाक', म्हणजे वेदीवरची पेटी. फारच राग आला की 'कालिस', म्हणजे प्याला. आपण भडकून एकमेकांना समई, पळी, पंचपात्र म्हणावं तसं. पहिले सहा महिने मला वाटायचं, केवढे देवभोळे लोक!

गावाचं नाव सें-पाँक्रास. एक चर्च, एक पेट्रोल पंप, एक आइस हॉकीचं रिंक. चर्च रिकामं, रिंक भरलेलं. मोरेश्वर कोणाला म्हणता येईना म्हणून मी 'मो' झालो, आणि रेजाँच्या हाताखाली लागलो.

रेजाँ त्रांब्ले. रिंकचा बर्फवाला. एकसष्ट वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढा उंच, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. पहिल्याच दिवशी मी बर्फावर थंड पाणी सोडलं, आमच्या कारखान्यात सोडायचो तसं. तो आला, वाकला, बर्फावर नख मारून बघितलं आणि म्हणाला, "छान. बांगडे कुठायत?"

"म्हणजे?"

"हा मासळीचा बर्फ झाला. मऊ, भुसभुशीत. खेळायला गरम पाणी लागतं बाबा. अंगाला चटका बसेल असं. गरम पाणी खालच्या बर्फाला थोडं वितळवतं आणि त्याला घट्ट धरून गोठतं. थंड पाणी नुसतं वर बसतं, पाहुण्यासारखं."

एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आणखी एक त्यानं शिकवलं. एप्रिलमध्ये सगळा बर्फ काढून टाकतात, सप्टेंबरात नवा घालतात. नवा घालताना आधी पातळ थर, त्याच्यावर पांढरा रंग, मग रेघा, मग वरचा बर्फ. तर त्या पांढऱ्या रंगाखाली बर्फवाल्यानं काहीतरी ठेवायचं. शकुन म्हणून. काय ठेवलं ते गावाला सांगायचं नाही. रेजाँनं एकदा आईच्या जपमाळेतला मणी ठेवला होता, एकदा कोणाचा तरी पडलेला दात. माझ्या पहिल्या सप्टेंबरला म्हणाला, "या वर्षी तू ठेव." माझ्याकडे काय असणार? बॅगेत सुके बोंबील होते. त्यातल्या एकाची शेपटी ठेवली. त्या सीझनला आमची टीम तिसरी आली. रेजाँ म्हणाला, पुढच्या वर्षी अख्खा ठेव.

आता त्या गोलबद्दल.

एकोणऐंशी सालची, मार्चमधली फायनल. सें-पाँक्रास विरुद्ध शेजारचं गाव. रेजाँ तेव्हा एकोणतीसचा, आमच्या टीमचा गोली, म्हणजे गोल राखणारा. स्कोअर बरोबरीचा, शेवटची दोन मिनिटं. त्यांच्या टीमचा ग्येताँ फोर्ताँ नावाचा पोरगा दमला होता. त्याला बाहेर जायचं होतं, म्हणून त्यानं मैदानाच्या मधूनच पक पुढे ढकलून दिला. पक म्हणजे ती रबराची काळी चकती. मारला नव्हता हो, नुसता ढकलला, पायातली वहाण सारावी तसा. तो घरंगळत आला, रेजाँच्या दोन पायांमधून आत गेला, आणि गाव फायनल हरलं.

बस. एवढंच. पण त्या दिवसापासून हा माणूस कुठेही शिरला, चर्चमध्ये, दुकानात, रिंकच्या कँटीनमध्ये, की कोणीतरी ओरडायचंच: "दार लाव, रेजाँ!" आणि सगळे हसायचे. बत्तीस वर्षं! त्याच्या लग्नात ओरडले. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात ओरडले. त्या गोलनंतर जन्मलेले टोणगेही ओरडायचे. प्रत्येकाला तो गोल डोळ्यांनी बघितल्यासारखा पाठ. कोण सांगे रेजाँ गर्दीतल्या मुलीकडे बघत होता, कोण सांगे दारू प्यायला होता. मी एकदा त्यालाच विचारलं, काय झालं होतं?

"काही नाही," तो म्हणाला. "चुकली. गेली."

"कारण?"

"कारण असतं तर बरं झालं असतं."

त्यानंतर तो कधी गोलात उभा राहिला नाही. खेळ सोडून बर्फ धरला. रिंकवर पुढच्या दारानं यायचा नाही, मागच्या मशीनरूमच्या दारानं यायचा. मॅच चालू असताना आम्ही दोघं कॉम्प्रेसरजवळ खोक्यांवर बसायचो. भिंतीपलीकडून आवाज यायचे. हा डोळे मिटून सांगायचा, "तो खांबाला लागला... हा पॅडवर... आता कोपऱ्यात गेला. ऐक, आवाज दबला की नाही? त्या कोपऱ्यात बर्फ मऊ झालाय, जा, बघून ये." मी जाऊन बघायचो तर मऊ झालेला असायचाच.

"बर्फ चांगला असला की पक गातो," तो म्हणायचा. "खराब असला की मुका येतो."

आणि आता टीव्ही.

'रविवार आपल्या गावी' असला काहीतरी कार्यक्रम होता. अख्खं क्युबेक बघायचं. दर आठवड्याला एक गाव पकडायचं, तिथल्या बायकांचे टोमॅटो, म्हाताऱ्यांचं अकॉर्डियन दाखवायचं आणि शेवटी एकाला रडवायचं. रडवायचं काम सेबास्त्याँ लामुर्‍यूकडे. दात असे पांढरे, की आमच्या बर्फाला खाली रंग लावतो तसा खाली रंग लावला असावा. गळ्यात मफलर, आत उकडत असलं तरी. कॅमेरा चालू झाला की हा गावकऱ्यांसारखं बोलायचा, शब्द गिळत, शिव्या घालत. बंद झाला की खनाखना पॅरिसचं फ्रेंच. नाटकातला शेतकरी मेला!

गावाच्या मेयर मादाम ब्वाव्हाँ. त्या आनंदानं वेड्या झाल्या होत्या. रेजाँला बोलावलं, मी पण गेलो.

"रेजाँ," सेबास्त्याँनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. हात टाकायला त्याला टाचा उचलायला लागल्या. "तोच गोल. तोच माणूस मारणार, ग्येताँ. मी शोधून आणलाय. गाड्यांचे टायर विकतो आता. तीच जागा, तू गोलात, समोर तुझं गाव. तू अडव. बत्तीस वर्षांनी. क्युबेक रडेल रे!"

"एकच शॉट?" रेजाँनं विचारलं.

"एकच."

"तसाच? जमिनीवरून?"

"तसाच."

मी त्याला मराठीतून म्हटलं, "नको रे बाबा." त्याला काय कळणार? पण सूर कळला. माझ्याकडे वळून म्हणाला, "मो, चुकलेली गोष्ट पुन्हा त्याच जागी उभं राहून करायला मिळते कोणाला? मला एप्रिलमध्ये रिटायर करतायत. मी उभा राहणार."

शूटिंग शनिवारी दुपारी चारला. सकाळी रंगीत तालीम. मी छताखालच्या पाइपला टेप मारत वर बसलो होतो आणि लाईटवाले दोघं माझ्या खालीच बोलत होते. वर कोणी आहे हे टीव्हीच्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्याला फक्त समोरचं दिसतं.

"शॉटच्या वेळी तो मोठा स्पॉट गोलीच्या तोंडावर मारायचा. फुल."

"त्याला दिसणार कसं मग?"

"दिसलं नाही पाहिजे. सेबास्त्याँ म्हणाला, अडवला तर काय दाखवू? म्हातारा चकती अडवतो? पुन्हा गेला पाहिजे. मग मी त्याला मिठी मारेन."

मी वर बसल्या बसल्या त्या मफलरवाल्याचं सगळं खानदान उद्धारलं. मालवणीतून, कारण चर्चमधल्या वस्तू पुरल्या नसत्या.

खाली रेजाँ गोलाजवळ पाठ करून वाकला होता, पॅडचे पट्टे बांधत. बोटं दुखत होती त्याची. एका कॅमेरावाल्यानं फोकस बघायला म्हणून पायानंच एक पक ढकलला. तो रेजाँच्या बाजूनं सरकत जाळीत गेला. रेजाँला पत्ता नाही. "छान, मिळालं," कॅमेरावाला म्हणाला. मी बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. म्हणून सांगतो, मी स्वतःला हुशार समजतो ते फुकट.

आता मला एवढंच दिसत होतं: याला आंधळा करून गावासमोर उभा करणार. आणि गाव हसणार. मी रेजाँला सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, दिसतंय ना मला, तू तुझं काम कर. म्हणून मी माझी अक्कल चालवली.

साडेतीनला शेवटचा फेरा मारायचा होता. मी गाडीच्या टाकीत थंड पाणी भरलं. नळाचं. निळ्या रेघेपासून गोलापर्यंतच्या पट्ट्यात पातं वर उचललं, खरवडलेल्या बर्फाचा भुसा तसाच ठेवला आणि त्यावर जाड थंड पाणी सोडलं. वरून टीव्हीचे दहा दिवे तापलेले. दिसायला आरशासारखं, आतून खरवस. ग्येताँ टायरवाल्यानं कितीही जोरात ढकलू दे, पक त्या पट्ट्यात रुतून बसणार, गोलापासून दहा हात लांब. कॅमेऱ्यासमोर सेबास्त्याँचं तोंड बघण्यासारखं झालं असतं! मी गाडी बाजूला लावली आणि हात चोळत कठड्याजवळ उभा राहिलो. इतकं छान वाटत होतं मला.

चार वाजता गाव भरलं. तीनशे माणसं. मादाम ब्वाव्हाँ पहिल्या रांगेत, माझ्या अगदी मागे. सेबास्त्याँ बर्फाच्या मधोमध, कातडी बूट घालून. बर्फावरचे रबरी तळाचे दिले होते, ते कॅमेऱ्यात वाईट दिसतात म्हणे.

रेजाँ बोगद्यातून आला. जुनी पॅडं, जुना मास्क कपाळावर. अंगावर ती एकोणऐंशीची जर्सी, पोटावर ताणलेली. गर्दीतून लगेच: "दार लाव, रेजाँ!" हशा. तो स्केट करत गोलाकडे गेला. पट्ट्यात शिरला. एक पाऊल, दोन पावलं, थांबला. मान थोडी कलती केली. स्केटचं पातं बर्फात एकदा पुढे, एकदा मागे केलं. मग त्यानं वर बघितलं आणि तीनशे माणसांतून थेट मला शोधलं.

मी इकडेतिकडे बघितलं. छपराकडे बघितलं.

"काय झालं रे मित्रा?" सेबास्त्याँ माइकवरून ओरडला. "घाबरलास?"

"बर्फ खराब आहे," रेजाँ म्हणाला. "मो, गाडी काढ. गरम पाणी."

"रेजाँ, आपण शूट करतोय..."

"खरवडून काढ आणि गरम घाल. या बर्फावर मी उभा राहणार नाही."

सेबास्त्याँनं माइक झाकला आणि एकदम पॅरिसच्या फ्रेंचमध्ये बोलला, "या म्हाताऱ्याला सांगा कोणीतरी, बर्फ कोण बघतंय!"

"मी," रेजाँ म्हणाला. "तीस वर्षं मीच बघतोय."

मी गाडी काढली. दुसरं काय करणार? टाकी रिकामी केली, चटक्याचं पाणी भरलं, पातं खाली घातलं आणि सगळ्या गावासमोर माझंच पाप खरवडत निघालो. वाफा निघत होत्या. रेजाँ कठड्याला टेकून उभा होता, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे, टाळ्या वाजवायला लागले.

सेबास्त्याँ मधोमध उभा राहून कॅमेऱ्याला काहीतरी सांगत होता. मी गाडी जवळ नेली. "साहेब, जरा सरका."

"दिसत नाही, बोलतोय मी? वळसा घालून जा!"

घातला वळसा. अगदी बुटांना चिकटून, आणि तिथे पाण्याचा कॉक जरा जास्तच मोकळा केला. राग तर कुठेतरी काढायला पाहिजे ना.

दहा मिनिटांनी पाणी धरलं. रेजाँ गोलात जाऊन उभा राहिला. पातं मागेपुढे केलं. मान हलवली. मास्क खाली ओढला.

मी कठड्यावरून ओरडलो, "रेजाँ! ते डोळ्यांवर लाईट मारणार आहेत! सकाळी ऐकलं मी!"

सेबास्त्याँचे दात दिसेनासे झाले.

रेजाँनं मास्कमधूनच सांगितलं, "मारू देत. ओरडू नकोस आता. कोणीच ओरडू नका."

तो आवाज त्या माणसाचा मी पहिल्यांदा ऐकला. तीनशे माणसं गप्प बसली.

ग्येताँ टायरवाला मधल्या रेघेवर आला, धापा टाकत. स्पॉट पेटला. बाजूला उभं राहून माझे डोळे दिपले, त्याचं काय झालं असेल! सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात मला एवढंच दिसलं, की रेजाँनं समोर बघायचं सोडलं. मान वळवली. डावा कान पुढे केला, मशीनरूममध्ये खोक्यावर बसून करायचा तसा.

काठीचा टक आवाज झाला. आणि मग पक आला. मी अकरा वर्षं बर्फ पाडला, पुढे इतकी वर्षं घातला, पण तसा आवाज नाही ऐकला. बारीक, सरळ, जवळ जवळ येणारा. गात आला तो.

रेजाँ डाव्या गुडघ्यावर बसला. कामातून गेलेल्या गुडघ्यावर. धप्प. पॅडला लागून पक जागीच थांबला. गोलाच्या रेषेच्या एक वीत बाहेर. त्यानं त्यावर काठी ठेवली, हळूच, मांजराच्या पाठीवर हात ठेवावा तशी.

काय उसळलं गाव म्हणून सांगू! मादाम ब्वाव्हाँनी आनंदानं माझा खांदा चावला. खरंच चावला, दोन दिवस वळ होता. म्हातारे रडत होते. सेबास्त्याँ मिठी मारायला म्हणून धावला, पण बूट नाही धावले. ते बर्फात बसले होते. गडी तसाच मोज्यांवर दोन पावलं गेला आणि रेजाँच्या पुढ्यात साष्टांग! अख्खं रिंक हसलं. त्याला. रेजाँला नाही.

मी मशीनरूममध्ये धावलो. रेजाँ खोक्यावर बसून पॅड सोडत होता, पक मांडीवर.

"रेजाँ! मेल्या, काय अडवलास रे!"

"मासळीचा बर्फ कोणी घातला?"

मी कॉम्प्रेसरचा काटा बघायला लागलो.

"मो, मऊ बर्फात पक मुका येतो. तू माझे कान कापायला निघाला होतास."

"अरे, तिथे तो तुझ्यापर्यंत आलाच नसता..."

"तेच म्हणतोय मी." त्यानं पट्टा ओढला. "गावाला वाटत होतं मी सोडणार. टीव्हीला वाटत होतं. त्यांचं मला काही नाही. पण तुला पण वाटत होतं."

"तसं नाही रे..."

"तसंच आहे. नाहीतर कशाला घातलंस थंड पाणी?"

मी वाकून त्याच्या दुसऱ्या पॅडचा पट्टा सोडायला गेलो, तर त्यानं पाय मागे घेतला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सगळं गाव कँटीनमध्ये जमलं, मोठ्या टीव्हीसमोर. फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही ओतलेल्या ताटल्या हातोहात फिरत होत्या. रेजाँ मागे, दाराजवळ. टोमॅटो झाले, अकॉर्डियन झालं. मग रिंक. रेजाँची पाठ. ग्येताँनं पक ढकलला. स्पॉट. आणि पक सरकत, सरकत, वाकलेल्या रेजाँच्या बाजूनं जाळीत गेला.

सकाळचा. तालमीतला. पट्टे बांधतानाचा!

त्याच्यावर त्यांनी दुपारच्या टाळ्या लावल्या होत्या. रडणारे म्हातारे लावले होते. मादाम ब्वाव्हाँ किंचाळताना दाखवल्या होत्या, दुःखानं किंचाळल्यासारख्या. शेवटी सेबास्त्याँ, डोळ्यांत पाणी, गळ्यात मफलर: "आणि बत्तीस वर्षांनीही रेजाँकडून दार उघडंच राहिलं. पण आपलं मन, मित्रहो, आपलं मनही उघडं राहू दे."

मी खुर्चीवर चढलो. "खोटं आहे! हे सकाळचं आहे! तुम्ही सगळे तिथे होतात!"

"हो ना," कोणीतरी म्हणालं. "काहीतरी गडबड आहे." दोघंतिघं बडबडले. मग जाहिरात लागली. मग कोणीतरी हसलं. रेजाँ उठून दाराकडे निघाला, बाहेरचा वारा आत आला, आणि मागच्या टेबलावरून आलंच: "दार लाव, रेजाँ!"

त्यानं लावलं. हळू, आवाज न करता.

तुम्ही म्हणाल, लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मलाही तेच वाटायचं. दोन महिन्यांनी मादाम ब्वाव्हाँ पोस्टात भेटल्या.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "दोनदा तोच गोल."

"मॅडम, दुसऱ्यांदा त्यानं अडवला. तुम्ही माझा खांदा चावलात!"

"हो रे मो, मला पण आधी तसंच वाटलं होतं. पण मग टीव्हीवर नीट दिसलं ना. आपल्या डोळ्यांवर लाईट किती होता तिथे!"

थू! अशा माणसांच्या मतदानासाठी मी दर चार वर्षांनी रिंक झाडून देतो. एकोणऐंशीची मॅच तर टीव्हीवर नव्हतीच, फक्त रेडिओवर होती, आणि तरी ती सगळ्यांनी 'बघितलेली'. आणि ही खरंच डोळ्यांनी बघितलेली, तर ही कोणीच 'बघितलेली' नाही. ग्येताँ टायरवाल्याला तेवढं आठवत होतं. त्यानं दुकानात त्या कार्यक्रमाचा मोठा फोटो लावला आणि गप्प बसला. धंदा वाढला म्हणे.

रेजाँ एप्रिलमध्ये रिटायर झाला. माझ्याशी कामापुरतं बोलायचा, नंतर तेवढंही नाही. अख्खा उन्हाळा मी त्याच्या घरासमोरून जाताना हॉर्न वाजवायचो. पडदा हलायचा नाही.

सप्टेंबरात मी एकटाच नवा बर्फ घालायला घेतला. पातळ थर धरला होता, रंगाचा पिंप तयार होता. शकुनाला काय ठेवायचं सुचत नव्हतं. मशीनरूमचं मागचं दार मी बर्फाचा जुना पाइप बाहेर काढायला उघडं टाकलं होतं. तिथून तो आला. लंगडत, जाड कोटात. सरळ बर्फावर उतरला, गोलाची जागा होती तिथे गेला आणि खिशातून काहीतरी काढलं. पक. करवतीनं कापून भाकरीएवढा पातळ केलेला.

खाली बसला. बसताना 'कालिस' म्हणाला, गुडघ्याला. मी खडूनं रेषेची जागा आखली होती, तिथे त्यानं वीत लावली. अंगठा रेषेवर, करंगळी बाहेरच्या बाजूला. करंगळीपाशी ती चकती ठेवली.

"इथे थांबली होती," तो म्हणाला. "बघ तू पण. इथेच ना?"

मी वाकून बघितलं. "एक बोट अजून बाहेर."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग चकती एक बोट बाहेर सरकवली.

तेव्हापासून दर सप्टेंबरला मी ती तिथेच ठेवतो. तो गेला, त्यालाही आता पाच वर्षं झाली, तरी ठेवतो. वरून पांढरा रंग मारतो. सगळं सें-पाँक्रास त्याच्यावरून स्केट करतं, गोल घालतं, हरतं, जिंकतं, एकमेकांना चर्चच्या वस्तू सांगतं, आणि पायाखाली काय आहे ते एकालाही माहीत नाही. मी कठड्याला टेकून बघतो आणि मनातल्या मनात हसतो त्यांना.

त्या दिवशी मी पाइप हातात घेतला आणि विचारलं, "घालू पाणी?"

"गरम आहे ना?"

"चटका बसेल असं."

"मग घाल." तो उठला, कोट सारखा केला आणि माझ्या मागे, उघड्या दाराकडे बघितलं. बाहेरून वारा येत होता.

"आणि दार लाव, मो," रेजाँ म्हणाला. "काय माणूस आहेस तू!"